दोन बोटं जाड तळवा

तुर्दाकुनचा उजवा पाय जन्मापासून आत वळलेला. अठ्ठावन्न वर्षांत तो दुखला नाही असा दिवस गेला नव्हता. तरी पाय अजून वाकडाच आहे, हे दरवर्षी कारा-बुलुनच्या अपंगत्व समितीपुढे सिद्ध करावं लागे. न जाणो, मधल्या काळात सरळ झाला असला तर!

यंदा त्याला नवे बूट हवे होते. उजव्या बुटाचा दोन बोटं जाड तळवा एका कडेने झिजला होता आणि आतली पोलादी पट्टी घोट्यात रुतत होती. समितीचे अध्यक्ष डॉक्टर एसेनामान यांनी गेल्या वर्षी तळवा निरखून निष्कर्ष काढला होता, की बूट झिजलेत म्हणजे माणूस भरपूर चालतो आणि भरपूर चालणाऱ्याला खास बूट लागत नाहीत.

यंदाच्या तपासणीच्या दिवशीच दुपारी शेजारी बाळाला पाळण्यात घालण्याचं जेवण होतं. तुर्दाकुन आणि डॉक्टर, दोघांनाही आमंत्रण. पाहुण्यांनी दाराशी काढलेले बूट घरच्या सुनेने रीतीप्रमाणे जोडीने, टोकं बाहेर करून मांडले. निघताना नुसता पाय सरकवायचा. डॉक्टरांनी बाळाच्या आरोग्यासाठी तीन आणि आजीच्या आरोग्यासाठी दोन पेले घेतले, समोरच्या काळ्या बुटांत खाली न बघता पाय कोंबले आणि ते समितीच्या कामाला निघाले.

तुर्दाकुन उठला तेव्हा एकच काळा जोड उरला होता. चकचकीत, दोन्ही तळवे सारखे. सून कानकोंडी झाली. तो तेच बूट घालून घोड्यावर बसला.

समितीच्या खोलीत डॉक्टर खुर्चीत रेलले होते आणि नर्स बुरुल त्यांचा रक्तदाब मोजत होती. तीन गल्ल्या चालताना उजवं अंग उचललं गेलं, कमरेत कळ आली, घोट्यात सुरी फिरतेय. डॉक्टरांना ही लक्षणं मेंदूची वाटत होती.

"बुटाची आहेत, डॉक्टरसाहेब," तुर्दाकुन दारातून म्हणाला. "मला जन्मापासून आहेत."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. बुरुलने तोंडावर हात धरला. पण अध्यक्ष सावरले.

"मग यापेक्षा चोख तपासणी कुठली? मी स्वतः तीन गल्ल्या चाललो. बूट चालण्याजोगे आहेत. लिही बुरुल, अर्ज नामंजूर."

"एवढे चांगले असतील तर राहू द्या तुमच्याच पायात," तुर्दाकुन म्हणाला. "पुढच्या वर्षी तपासायला मी येईन."

खाली येऊन तो घोड्यावर चढला. फाटकाशी पोचतो तोच बुरुल धापा टाकत आली. हातात शिक्क्याचा कागद.

"काका, बूट द्या हो त्यांचे. मोज्यांवर बसलेत."

तुर्दाकुनने आधी कागद सावकाश वाचला. नवे बूट मंजूर. कारण: अर्जदाराकडे बूट नाहीत.

पाय वाकडा असल्याचा उल्लेख कुठेच नव्हता.