सतरा नंबरचा बल्ब

"उचल की पेन, मास्तरीणबाई," अप्पा म्हणाले. "विम्याच्या सर्वेअर साहेबाला आजच रिपोर्ट पायजे."

अप्पांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नाही. म्हणून ते सांगतात आणि मी लिहिते.

सिरसाळ्यात आमचं गॅरेज आहे. अपघातात गाडीचं नेमकं काय बिघडलं होतं, हे अप्पांना बघताक्षणी कळतं. विम्याचे साहेबसुद्धा विचारायला येतात. पण सगळं अप्पांच्या डोक्यात. नववीच्या सुट्टीत मी म्हटलं, आपण ह्याची लायब्ररी करू. अप्पा हसले. मी केलीच! ओल्या डांबरावर ब्रेकची रेघ किती लांब उठते, त्याची वही. आणि अपघातातल्या गाड्यांचे, माझे लाडके बल्ब, एकेका काड्यापेटीत एकेक, चांगले त्रेसष्ट. धडकेच्या वेळी दिवा चालू असला तर आतली तार तापलेली असते, धक्क्यानं ताणून लोंबते. बंद असला तर ताठच राहते. एवढ्याशा तारेवरून खरं-खोटं कळतं, आहे की नाही कमाल? पेट्या बदलू नयेत म्हणून प्रत्येक बल्बच्या पितळेवर मी कंपासच्या टोकानं आकडाही कोरला होता. हे अप्पांना सांगायचं राहूनच गेलं.

बाहेर टायरवर ह्याच रिपोर्टची वाट बघत सुरेखा बसली होती, माझ्या वर्गातली. महिन्यापूर्वी तिचे वडील, त्रिंबककाका, संध्याकाळी उसाचा ट्रॅक्टर घेऊन येत होते. गावचे पुढारी अमरसिंहदादा, त्यांच्या जीपनं ट्रॉलीला मागून ठोकलं. काका गेले. आता दादांची माणसं गावभर सांगत होती की ट्रॉलीचा मागचा दिवाच बंद होता, त्रिंबक स्वतःच्या चुकीनं मेला. तो दिवा तपासायला अप्पांकडे आला तेव्हा मी स्वतः पाहिला होता. तार लोंबत होती. सुरेखाला मी शाळेत सांगूनही टाकलं होतं, "माझे अप्पा खरं तेच लिहितील."

"लिही," अप्पा म्हणाले. "दिवा बंद होता."

"चालू व्हता अप्पा. तार लोंबत व्हती."

"बघ मग." त्यांनी काड्यापेटी सरकवली.

तार ताठ होती. मी बल्ब उलटा केला. पितळेवर माझ्याच हातचा सतरा. कपाटातली सतरा नंबरची पेटी उघडली, तर रिकामी.

"ह्यो तर आपला हाय. चकलांब्याच्या टेम्पोचा."

अप्पा फडक्यानं हात पुसत राहिले. हात कोरडेच होते.

"दादा येऊन गेलते," ते म्हणाले. "गॅरेजची जागा कुणाची हाय, म्हाईत हाय न्हवं?"

"खरा बल्ब कुठं हाय?"

"नेला त्यांनी."

"मग माझ्या लायब्ररीतलाच कावून घेतला?"

"त्या मापाचा ताठ तारेचा दुसरा न्हवता."

इतकं साधं बोलले, जणू परळीत एखादा स्पेअर मिळाला नव्हता. मी वर्षभर निवडून, पुसून, ओळीनं लावून ठेवलं होतं, म्हणून त्यांना तो लगेच सापडला.

मी पेनाला टोपण लावलं.

"लई शानी झालीस," अप्पा पुटपुटले. पण आवाज चढला नाही. त्यांनी कागद स्वतःकडे ओढला आणि वाकडंतिकडं लिहायला लागले.

मी बाहेर आले. सुरेखानं टायरवर सरकून मला जागा केली. "झालं का गं?"

"दिवा चालू व्हता, सुरेखा," मी म्हणाले, आत ऐकू जाईल एवढ्यानं. "मी बघितलाय."

आतला पेनाचा आवाज थांबला. थोड्या वेळानं परत सुरू झाला.