दादाचा अंगठा

नवरा गेल्यापासून थोरल्या सुनेला काही वाटेनासं झालं होतं. रडू नाही, भूक नाही, राग नाही. चहात साखर पडली नाही हेसुद्धा दुसऱ्याने सांगितलं तर कळायचं. चार महिने असेच गेले. एका सकाळी तिने कपाट उघडलं, हाताला त्याचा निळ्या चौकटींचा शर्ट लागला. तोच घातला, बाह्या दुमडल्या आणि चष्म्याच्या दुकानात कामाला निघून गेली. दुसऱ्या दिवशी करडा, तिसऱ्या दिवशी पट्ट्यांचा. बरं वाटत होतं म्हणून नव्हे हो. काय घालू, हा विचार करावा लागत नव्हता, एवढंच.

दुकानात कुणी काही बोललं नाही. चष्मा घ्यायला आलेला माणूस आरशात स्वतःचं नाक बघण्यात गुंग असतो. नातेवाइकांची नजर मात्र फार चांगली. धाकट्या जावेने तिला रस्त्यात पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर.

मग दिराने फोनवर नवा ग्रुप काढला. नाव ठेवलं 'आईसाठी'. घरच्या जुन्या ग्रुपमधली सगळी माणसं घेतली, फक्त वहिनीला वगळलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! वहिनी राहिली बाहेर, पण दादाचा नंबर आला आत. गेलेल्या माणसाचा नंबर जुन्या ग्रुपमधून काढायला कुणाचा हात धजला नव्हता, आणि हे महाशय यादीवर भराभर बोट ठेवत गेले. दादाचा फोन कुठे होता? वहिनीच्या पर्समध्ये, रोज चार्ज केलेला.

तेव्हापासून थोरली दुपारच्या सुट्टीत दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंगं घासायच्या मशीनशेजारी बसून, आपल्याबद्दलचं सगळं वाचायची. "बाईमाणसाने पुरुषाचे शर्ट घालून हिंडायचं म्हणजे काय!" इति आतेसासूबाई, ज्या स्वतः घरात नवऱ्याचे मोजे घालतात. "हल्ली ढगळ घालायची फॅशनच आहे म्हणे," नणंदेचा नवरा. "हे काय फॅशनचे दिवस आहेत?" धाकटी जाऊ. कुणी रडकं पिवळं तोंड पाठवलं. कुणी लेख पाठवला, दुःखातून बाहेर येण्याच्या दहा पायऱ्या. थोरली वाचायची आणि डबा खायची. तिला काही वाटायचं नाही.

एका ठिकाणी मात्र घास अडायचा. दिराने लिहिलं होतं, "आईला आमच्याकडे घेऊन येतो. तिने हे रोज का बघायचं? आई, तू फक्त हो म्हण." सासूबाई त्या ग्रुपमध्ये होत्या आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्या होत्या. घरातही तेच. दोघी समोरासमोर बसून जेवायच्या, मीठ पुढे कर, पाणी दे, पण शर्टाबद्दल एक अक्षर नाही. थोरलीला मूलबाळ नव्हतं, माहेरी कुणी उरलं नव्हतं. सासूबाई गेल्या असत्या तर "आलीस का गं?" एवढं विचारायलाही घरात कुणी राहिलं नसतं.

गुरुवारी दुपारी ग्रुपवर सासूबाईंचा निरोप आला. बोललेला, कारण लिहायला गेल्या की त्यांचं बोट दोन-दोन अक्षरांवर पडतं. थोरलीने फोन कानाला लावला.

"रविवारी ये मला न्यायला. पोरगी वाईट नाही रे, तिला नावं ठेवू नका. पण मी दार उघडते तेव्हा चेहऱ्याआधी शर्ट दिसतो. वेळ त्याची, शर्ट त्याचा. रोज साडेसहाला माझा मुलगा घरी येतो आणि रोज साडेसहाला तो आलेला नसतो. मला नाही झेपत. हे तिला सांगू नका. तिच्याकडे तेवढंच राहिलंय."

निरोप संपला आणि थोरलीच्या बोटाने बारा वर्षं केलं तेच केलं. नवऱ्याला ग्रुपवर लिहायचा भारी कंटाळा. दाढी करता करता ओरडायचा, "अगं, माझा अंगठा देऊन टाक!" की ही त्याच्या फोनवरून वर केलेला अंगठा पाठवायची. कुणाचा वाढदिवस असो, बदली असो, नाहीतर आत्याबाईंचं मांजर मेलेलं असो, दादाचा अंगठा हजर. आताही बोट गेलं. सासूबाईंच्या निरोपाखाली अंगठा उमटला, दादाच्या नावाने.

ग्रुपमध्ये पळापळ सुरू झाली. आतेसासूबाई बाहेर पडल्या, नणंद गेली, तिचा नवरा गेला, धाकटी गेली. शेवटी दीरही गेला. ग्रुपचा कारभारीच गेल्यावर फोनने आपल्या अकलेने नवा कारभारी नेमला, दादा. आत दोनच माणसं उरली, आई आणि तिचा गेलेला मुलगा. बाहेर कसं पडायचं ते सासूबाईंना ठाऊक नव्हतं.

थोरली मालकाला न सांगता तशीच घरी आली. सासूबाई फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"तू होतीस?"

"हो. चुकून झालं, आई."

"कळलं मला." त्यांनी फोन बाजूला ठेवला. "लगेच नाही कळलं."

"उद्यापासून नाही घालणार मी शर्ट. पण तुम्ही जाऊ नका." नवरा गेल्यापासून तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

"घाल गं. शर्टाने काय घोडं मारलंय? दार उघडणं माझ्याच्याने होत नाही." सासूबाईंनी विचार केला. "असं करू. उद्या मी बागेत जाऊन बसते. तू आधी घरी ये. बेल मी वाजवीन, दार तू उघड. जमलं तर बघू रविवारचं."

शुक्रवारी थोरली आली, किल्लीने दार उघडून आत गेली, पाणी प्यायली आणि खुर्चीत बसली. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. कुणाची ते तिला पक्कं ठाऊक होतं, सगळं ठरवूनच तर केलेलं. बेल वाजली. आणि थोरली उठली ती धावतच, एका हाताने केस सारखे करत, "आले, आले! किती उशीर!" म्हणत. तिने कडी काढली.

दारात सासूबाई उभ्या होत्या.

थोरली दार धरून खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. सासूबाईंनी पिशवी ठेवली, चपला काढल्या आणि भिंतीला धरून हळूहळू तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"असं होतं बघ," त्या म्हणाल्या. "उद्या दार मी उघडते. एक दिवस तू, एक दिवस मी."