गोधडी वाळेपर्यंत

पुण्यात, धायरीच्या त्या गल्लीत अभिनवला दोनच गोष्टींची भीती वाटायची. एक, पृथ्वीराज. दुसरी, पृथ्वीराज जिना चढून वर येण्याची.

पृथ्वीराज हा घरमालकीण मुक्ताईंचा मुलगा. गल्लीत इंटरनेट त्याचंच. दुसऱ्या कुणाची वायर गल्लीत शिरलीच, तर सकाळपर्यंत तिचे दोन तुकडे झालेले असत आणि हळहळायला पृथ्वीराज सगळ्यांच्या आधी हजर असे. "उंदरं लई झाल्यात," तो म्हणायचा. पकड त्याच्या खिशातून डोकावत असायची.

अभिनव वाशीमचा. मुक्ताईंच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहत होता. नव्या नोकरीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: काम घरून, संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स, नेट वायरचंच. शुक्रवारी चार वाजता तासभर चाचणी. मध्ये नेट तुटलं, तर नोकरी यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. तिकडे वाशीमला वडिलांनी पेढे वाटूनही टाकले होते. वाटलेले पेढे परत मागायची पद्धत नाही.

पृथ्वीराजचं नेट सुरू करायला त्याचं एक अॅप लागायचं आणि ते अॅप फक्त विंडोजवर चालायचं. अभिनवने धीर करून विचारलं.

"लिनक्स?" पृथ्वीराजने त्याला पायापासून वरपर्यंत बघितलं. "विंडोज टाक. चांगल्या घरातली समदी माणसं विंडोजच वापरत्यात."

"हो जी," अभिनव म्हणाला. मग खोलीत आला, कडी लावली, पांघरुणात शिरला आणि आतून दुसऱ्या कंपन्यांना फोन लावायला लागला.

पहिल्या कंपनीतली मुलगी म्हणाली, "सर, लिनक्स तुमच्या एरियात अजून आलेलं नाही. आलं की कळवू." दुसरीकडच्याने लिनक्स किती इंची आहे असं विचारलं. तिसरा फोन नारायण पेठेतल्या एका छोट्या कंपनीत लागला. तिथे कुणी आजोबा होते.

"तुमचं नेट लिनक्सवर चालतं का?" अभिनव पुटपुटला.

"खडकवासल्याचं पाणी तुमचा तांब्या कुठल्या दुकानातला ते विचारतं का?"

"नाही."

"मग? आमचं अॅपबिप काही नाही. वायर लावायची, बसायचं. आणि मोठ्याने बोला, कुणी मेलंय का तिकडे?"

"अजून नाही," अभिनव म्हणाला.

गुरुवारी वायर घेऊन आजोबांच्या कंपनीतली आम्रपाली आली. कोपऱ्यावरचा पृथ्वीराजच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तिने शांतपणे वाचला. मागच्या इमारतीच्या गच्चीवरून तिने पांढरी वायर आणली, टाकीच्या नळीला बांधली आणि खिडकीतून आत घेतली.

"हिच्यावर टॉवेल टाका. दोरी वाटेल."

"ह्या गल्लीत तुमची ही कितवी वायर?"

"सातवी," म्हणून ती मागच्याच गच्चीवरून निघून गेली.

शुक्रवारी पावणेचारला मुक्ताई गच्चीवर आल्या. हातात भली थोरली ओली गोधडी.

"बरं झालं बाबा, दोरी बांधलीस," म्हणाल्या आणि गोधडी वायरवर टाकली.

वायर मधोमध वाकली. खोलीतल्या नेटच्या डबीवरचा हिरवा दिवा लाल झाला. दोरी नाही म्हणावं तर वायर कळणार, दोरी म्हणावं तर नोकरी जाणार. तेवढ्यात गोधडीचा काठ फरशीला लागला म्हणून मुक्ताईंनीच चुकचुकत बांबूचा टेकू दिला. दिवा हिरवा. चार वाजले. बेंगळुरूहून चाचणी घेणाऱ्या पूर्णिमा मॅडम पडद्यावर आल्या.

आणि जिन्यात पावलं वाजली.

पृथ्वीराज गच्चीवर आला. त्याची नजर गोधडीवरून वायरवर, वायरवरून खिडकीवर आणि खिडकीतून अभिनववर येऊन थांबली. तो हसला. त्याने पकड काढली.

"खबरदार!" मुक्ताई म्हणाल्या. "गोधडी खाली पडली तर तू धुणार का?"

"मग काढ की ती."

"वल्ली गोधडी काढत्यात व्हय? वाळली की काढंन."

पृथ्वीराजने प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, पकड मांडीवर ठेवली आणि बसला. ऊन एप्रिलचं होतं आणि पूर्णपणे त्याच्या बाजूने होतं. दर पाच मिनिटांनी तो गोधडी चाचपायचा आणि खिडकीकडे बघून मान डोलवायचा. मॅडम विचारत होत्या, अभिनव उत्तरं देत होता. पण त्याला दिसत होतं ते एवढंच: निळा तुकडा वाळला. पिवळा वाळला. आता फक्त मधला लाल.

साडेचारला पृथ्वीराजचा फोन वाजला. बोलत बोलत तो जिन्यात गेला.

"मॅडम, दारात एक जण आलाय," अभिनव अगदी खरं बोलला, कॅमेरा बंद करून बाहेर धावला आणि गोधडीवर तांब्याभर पाणी ओतून परत आला.

पृथ्वीराजने परत येऊन गोधडीला हात लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"मघाशी वाळली हुती."

"जुनं लुगडं हाय आत. पाणी धरून ठेवतं," मुक्ताई म्हणाल्या.

पाच वाजले. "छान चाललं," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी दहाला रुजू व्हा. पण रोज हेच कनेक्शन हवं हं. कुठल्या कंपनीचं आहे?"

अभिनवने खिडकीकडे बघितलं. "नंतर सांगतो," तो कुजबुजला.

पृथ्वीराज चहा प्यायला खाली गेल्यावर तो तांब्या भरून बाहेर आला. मुक्ताई आधीच गोधडीवर बादली ओतत होत्या.

"माझ्या मालिकेच्या टायमालाच रोज ह्याचं नेट जातंय," त्या म्हणाल्या. "मला सांगतो, उंदरं. तुझी वायर खाली माझ्या टीव्हीला बी जोड."

सोमवारी दहाला अभिनव कामावर रुजू झाला. गोधडी वायरवर अजून ओलीच होती. सव्वादहाला जिन्यात पावलं वाजली, नेहमीपेक्षा जड. पृथ्वीराज टेबलफॅन घेऊन वर येत होता.

मुक्ताईंनी नळाखाली दुसरी बादली लावली.