मैलांच्या यादीतलं चौथं नाव

सासरे जाऊन आठ दिवस झाले होते, पण विमान कंपनीच्या लेखी ते अजून ठणठणीत होते. आणि निदान मंगळवारी दुपारपर्यंत तरी त्यांना तसंच ठणठणीत ठेवायचं, असं घरात ठरलं होतं.

सासऱ्यांनी एकतीस वर्षं छपाईयंत्रांचे सुटे भाग विकले. त्यापायी विमानाने इतकं हिंडले, की फुकट तिकिटांसाठी कंपनी देते ते मैल त्यांच्या खात्यावर चार लाख बारा हजार साठले. त्यातला एक मैलही त्यांनी कधी खर्च केला नाही. मैल खर्चले की सोनेरी कार्ड काढून घेतात, अशी त्यांची ठाम समजूत होती. तसं काही नसतं, हे कंपनीने दोनदा लिहून कळवलं होतं. पण कंपनीला काय कळतंय, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे नवरा ढगात आणि बायको ओट्यापाशी, असा संसार झाला. सासूबाईंनी विमान पाहिलं ते गच्चीवर कपडे वाळत घालताना, खालून.

विमानातून सासरे घरी काय आणत, तर फुकटची मासिकं. ती सासूबाई स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरत. नवरा गेल्यावर पाचव्या दिवशी त्यांनी फळ्या पुसायला काढल्या आणि डाळींच्या डब्यांखाली त्यांना एक पान सापडलं. एक संस्था लोकांनी दान दिलेल्या मैलांवर आडगावच्या रोग्यांना मोठ्या इस्पितळापर्यंत विमानाने नेते, सोबत एका नातेवाइकालाही नेते, असं त्यात होतं. सासूबाईंनी ते पान हातात घेऊन बाहेर येऊन सांगितलं, "हे मैल इथे द्यायचे."

मेहुण्याचा, म्हणजे सासूबाईंच्या मुलाचा, चेहरा पडला. त्या मैलांवर समुद्रकाठी आठवडाभर जाऊन यायचं त्याने मनात पक्कं केलं होतं. बायकोला हॉटेलही दाखवून झालं होतं.

"आई, एवढे सगळे? थोडे आपल्याला ठेवू की. बाबांची आठवण म्हणून."

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी तुला कधीपासून आवडायला लागलं?" सासूबाई म्हणाल्या. "त्या मैलांनी माझा नवरा नेला. आता ते कुणाच्या तरी कामी येऊ देत."

मग मेहुण्याने बारीक अक्षरातले नियम वाचले आणि नवीच अडचण निघाली. खातेदार मेला की त्याचे मैलही मरतात. दान करायचं तर खातेदाराने जिवंतपणी, स्वतः, फोनवरून करायचं. आता सासऱ्यांना जिवंतपणाची एवढी एकच अट पाळणं अवघड होतं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग जावयाकडे. मेहुण्याचा आवाज किनरा, फोनवर त्याला लोक अजून ताई म्हणत. जावई लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यातली धूळ आणि वंगणाचा वास नाकातोंडात जाऊन त्याचा आवाज असा बसलेला असे, की सासऱ्यांच्या आवाजाशी हमखास जुळावा.

"मी नाही," जावई म्हणाला.

"तूच," त्याची बायको म्हणाली.

जावयाला नको होतं त्याचं कारण निराळं होतं. एकोणीस वर्षं तो या घरात येत होता. घरातली झुंबरं, गळके नळ, सासऱ्यांच्या चाकाच्या बॅगेची चाकं, सगळं त्याने दुरुस्त केलं होतं. पण पाहुणे आले की सासरे त्याची ओळख कशी करून देत? "हे आमच्याकडे येत असतात." बस. ना नाव, ना नातं. गॅसवाला नाही का येत, तसे हेही येतात. जावयाने ते कधी बोलून दाखवलं नाही, मूग गिळून राहिला. पण माणूस गेला तरी ते वाक्य काही गेलं नव्हतं. आणि आता त्याच माणसाच्या तोंडाने बोलायचं होतं.

मंगळवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर सगळे जमले. मेहुण्याने जन्मतारीख, कार्डाचा नंबर आणि शेवटचा प्रवास एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून जावयापुढे ठेवला. फोन स्पीकरवर टाकला. वीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगी हसऱ्या आवाजात बोलायला लागली. जावयाने खाकरून तारीख सांगितली, नंबर सांगितला. विमानात जेवायला काय घेता, असं तिने खात्रीसाठी विचारलं, ते कागदावर नव्हतं.

"बिनमसाल्याचं," सासूबाई कुजबुजल्या. "आणि वर नावं ठेवायचे."

"बिनमसाल्याचं," जावई म्हणाला. "आणि ते भिकार असतं."

"अगदी बरोबर सर," मुलगी म्हणाली. "तशा आपल्या सतरा तक्रारी आहेत इथे."

ओळख पटली. मेहुण्याने अंगठा वर केला. सगळे मैल संस्थेला द्यायचे म्हटल्यावर मुलगी म्हणाली, "फार मोठं मन आहे सर आपलं." हे ऐकून टेबलाभोवतीच्या चौघांनाही मान कुठे वळवावी ते कळेना. सासऱ्यांचं मन मोठं असल्याची ही पहिलीच खबर होती.

"फक्त एक करावं लागेल सर. आपली कुटुंबीयांची यादी जुनी आहे, ती नीट केल्याशिवाय मैल हलत नाहीत. चार नावं आहेत." तिने सासूबाईंचं नाव वाचलं, पत्नी. मेहुण्याचं वाचलं, मुलगा. बायकोचं वाचलं, मुलगी. आणि मग जावयाचं पूर्ण नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट. "नातं, इतर."

मेहुणा फिसकन हसला. बहिणीने टेबलाखालून त्याला लाथ घातली.

जावयाला मात्र हसू आलं नाही नि रागही नाही. यादीत आपण असू, असं त्याला वाटलंच नव्हतं. "हे नाव मी... कधी टाकलं?" त्याने विचारलं.

"अठरा वर्षांपूर्वी सर. खातं उघडल्यावर सगळ्यात आधी याचंच नाव टाकलंय आपण, इथे नात्याप्रमाणे शेवटी दिसतंय एवढंच. 'इतर'चा रकाना आता बंद झालाय, म्हणून विचारतेय. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील. यातलं काय लिहू?"

"जावई नाही का त्यात?"

"नाही सर. जावई पूर्वी 'इतर'मध्येच धरायचे."

म्हणजे त्या माणसाने 'इतर' लिहिलं ते दुसरा रकानाच नव्हता म्हणून. का आणखी कशासाठी? आता विचारायचं कुणाला? विचारणारा आणि उत्तर देणारा, दोन्ही जावईच होता. मुलगा म्हणावं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण दुसऱ्याच्या सोंगात आपणच आपल्याला मुलगा करून घेणं त्याला चोरीसारखं वाटलं. चार लाख मैलांपेक्षा ही चोरी मोठी होती.

"काढून टाका ते नाव," तो म्हणाला.

"अहो," सासूबाई म्हणाल्या.

त्या कुजबुजल्या नाहीत, नेहमीच्या आवाजात बोलल्या. आणि जावयाकडे न बघता फोनकडे बघत बोलल्या. "अहो, एकोणीस वर्षं झाली. तुम्ही नसताना या घरात कोण येत होतं, ते मला ठाऊक आहे. आता तरी त्यांना मुलगा म्हणा."

मेहुणा कागदाकडे बघत राहिला. जावई सासऱ्यांच्या वतीने गप्प होता की स्वतःच्या, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"सर?" मुलगी म्हणाली.

"लिहा," जावई म्हणाला. "मुलगा."

चार लाख बारा हजार मैल गेले. खात्यावर शून्य उरलं.

दुसऱ्या दिवशी मृत्यू कळवायचा होता. मेहुणा म्हणाला, "दाजी, आता तुम्हीच मोठे मुलगे. कळवा तुम्हीच." टोमणाच होता तो, पण जावयाने मनावर घेतलं. एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनखोलीत, हात पुसून त्याने फोन लावला. आपलं नाव सांगून, खातेदार वारलेत, खातं बंद करायचंय, म्हणाला. आणि नशीब असं, की फोनवर तीच मुलगी.

"अरे देवा," ती म्हणाली. "कालच बोलले हो माझ्याशी. केवढं दान करून गेले. कधी झालं?"

खोटं बोललं तर तारीख मृत्यूच्या दाखल्यावर होती. खरं बोललं तर मैल परत आणि कुणीतरी रोगी आडगावातच.

"दाखल्यावरची तारीख जरा आधीची आहे," तो म्हणाला.

"किती आधीची?"

"नऊ दिवस."

पलीकडचा कळफलकाचा आवाज थांबला. फोन कटला असावा, असं जावयाला वाटायला लागलं.

"काल बोललं कोण?" तिने हळूच विचारलं.

"मी."

"आणि मागे बोलल्या त्या बाई?"

"त्या सासूबाई. त्या खऱ्या होत्या."

कळफलक पुन्हा वाजू लागला. "मैल कालच संस्थेला गेले," ती म्हणाली. "गेलेले परत कसे आणायचे, ते मला कुणी शिकवलेलं नाही. आणि मी विचारायलाही जाणार नाही. मला फक्त कळवणाऱ्याचं नातं भरायचंय. इथे मुलगा दिसतंय."

"ते खोटं आहे," जावई म्हणाला. "ते मीच माझं लिहून घेतलंय."

"तुम्ही काढून टाका म्हणाला होतात," मुलगी म्हणाली. "मी बाईंचं ऐकून लिहिलं." मग ती म्हणाली, "तुमचे वडील गेले, फार वाईट वाटलं मला."

नऊ दिवस हे वाक्य येणाऱ्या प्रत्येकाने मेहुण्याला म्हटलं होतं, आणि जावई दर वेळी त्या माणसासाठी खुर्ची आणायला उठला होता. आता मशीनखोलीत खुर्ची नव्हती. तो तेलकट फरशीवरच बसला आणि त्या खवचट, चिक्कू, बिनमसाल्याच्या म्हाताऱ्यासाठी मोठमोठ्याने रडला. खाली चौथ्या मजल्यावर कुणीतरी लिफ्ट येत नाही म्हणून दार बडवत होतं. जावयाने त्याला बडवू दिलं.