सातवी ओवी

अंगणापल्याड संडास. पडवीपासून अकरा पावलं. पार्वतीबाईचं सारं मागणं आता एवढंच उरलं होतं, मरेस्तोवर ती अकरा पावलं आपल्या पायानं चालायची.

छातीतली गाठ लिव्हरात उतरली होती. नांदेडच्या डॉक्टरबाई खोटं बोलल्या नाहीत. "बरं होणार नाही. पण पडून राहिलात तर आधी पाय जातील." खुर्चीतून हात न टेकता उठायचं नि बसायचं. रोज दहादा. सून पंचशीला मोजायची.

पण लोह्याजवळचं ते गाव. दुखणं बघायला माणसं सकाळपासून यायची. कुणी आलं की पार्वतीबाई खाटेवर आडवी होई, गोधडी ओढून घेई. "मरणाऱ्या सासूला उठाबशा काढायला लावती," असं कुणीसं बोललेलं तिच्या कानी आलं होतं. सुनेला बोल नको.

आठ दिवस असेच उठाबशांविना गेले. नवव्या सकाळी पंचशीलाचा खांदा धरून अंगण ओलांडावं लागलं.

त्याच दुपारी अर्धापूरहून थोरली बहीण कोंडाबाई आली, केळीची फणी घेऊन. पार्वतीबाई खुर्चीतच बसून राहिली.

"पडून ऱ्हा की गं, पारू! आन तू गं सूनबाई, वाटंत ऐकलं म्या, शाळा मांडलीस व्हय? उठाबशा काढायला?"



"तिला नको बोलू, अक्का. मीच करून राहिले. न्हाई केलं तर उद्या खाटंवरच भांडं घ्यावं लागंल मला. बघवंल तुला?"

कोंडाबाई खाटेच्या कडेला टेकली. फणी तशीच मांडीवर.

"बसलीस तर मोज."

"आकडं मोजलं की शिक्षाच वाटती बाई," कोंडाबाई पुटपुटली. मग तिनं गळा मोकळा केला.

पयली माझी ओवी गं, पायाच्या टाचंला
भुई धर माझे बाई, बहिणीच्या वाटंला

ओवी सरेस्तोवर उठून उभं व्हायचं, सरली की बसायचं. लहानपणी जात्याचा एकच खुंटा दोघींनी धरलेला. लय तीच होती.

सातव्या ओवीला उठताना ती अर्ध्यातच अडली. कोंडाबाईचा हात पुढं झाला. पार्वतीबाईनं मान हलवली. हात मागं गेला, पण आवाज शेवटच्या शब्दावर लांबत राहिला, लांबत राहिला, ती उभी होईस्तोवर.

मग ती बसली नाही. तशीच निघाली. दोघी पडवीत थांबल्या. पावलं कुणी मोजली नाहीत.

अंगणापल्याड आतून कडी लागल्याचा आवाज आला.

कोंडाबाईनं पदर डोळ्यांना लावला. "तीन उरल्या," ती सुनेला म्हणाली. "त्या उद्या. मी हितंच ऱ्हाते."