आतून आलेली ओ

त्या गल्लीत माणूस मेलं की आधी त्याचं पिंप झाकत. रडणं नंतर.

डोकं तिथं पिंप, असा पाणीखात्याचा कायदा होता. घरात जितकी डोकी, तितक्या चुन्याच्या रेघा दारावर. टँकरवाल्याने रेघा बघायच्या, तितकी पिंपं भरायची आणि पुढं जायचं. माणूस मेलं की रेघ पुसली जायची. म्हणजे ज्या दिवशी घरातलं माणूस जाणार, त्याच दिवशी घरातलं पाणीही जाणार. हा कायदा करणाऱ्यांच्या बंगल्यांपुढे हिरवळ होती. हिरवळीला डोकं नसतं, पण तिला पाणी मिळत होतं.

मग गल्लीने काय करावं? गल्लीत मरणंच बंद झालं.

महिन्याच्या महिन्याला मोजणीवाला यायचा. पूर्वी तो घरात शिरून डोकी मोजायचा, पण मोजता मोजता प्रत्येक घरी पेलाभर पाणी पितो अशी कुणीतरी तक्रार केली. तेव्हापासून खात्याने त्याला उंबरा ओलांडायची बंदी केली. आता तो तोंडाला फडकं गुंडाळून, काळा चष्मा लावून बाहेरच उन्हात उभा राहायचा आणि हाका मारायचा. "म्हातारी?" आतून ओ आली की एक रेघ. "घरवाला?" ओ. दुसरी रेघ. तो बघत नसे, ऐकत असे. ज्याने ओ दिली तो जिवंत. एवढा सोपा हिशेब सरकारला एरवी जमत नाही.

आणि मेलेल्यांच्या वतीने ओ द्यायला गल्लीत ओ-मावशी होती.

ही एकटी बाई, हाडाची काडी, पण गळ्यात दहा माणसं बाळगून होती. मोजणीवाला पुढच्या दारांनी निघाला की ही मागच्या दारांनी पळायची. एका घरी सुताराच्या बापाची घोगरी ओ, दुसऱ्या घरी दमेकरी काकूची तुटकी ओ. मोबदला घरटी एक तांब्या पाणी. "मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना," ती तांब्या पदराआड धरून हसायची, "ते दूध काढते मी."

चिमीच्या आईने उन्हाळ्याच्या तोंडावर मावशीला आपल्या घरी बोलावलं, ते सासू गेली म्हणून.

सासूबद्दल चांगलं बोलायचं तर खोटं बोलावं लागेल. म्हातारी आपलं पिंप मागच्या खोलीत, उशाशी ठेवायची आणि झाकणावर पाटा. नातीला, चिमीला, कातडीचा आजार होता. अंग सुकायचं, कोपरात आणि गुडघ्यांमागे चिरा पडायच्या, झोपेत खाजवून चादरीवर रक्ताचे डाग. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, रोज अंग भिजवा आणि ओल्या अंगावरच मलम लावा, कोरड्या अंगावर मलम म्हणजे भिंतीला लोणी. रोजच्या आंघोळीला पाणी आणायचं कुठून? चिमीची आई एकदा सासूकडे तांब्या घेऊन गेली होती. म्हातारी म्हणाली, "मला घसा आहे. तुझ्या पोरीची नुसती कातडी आहे. हात लावशील तर हात तोडीन."

म्हणून म्हातारीला पोचवून आल्यावर चिमीच्या आईने पहिलं काम केलं ते पाटा खाली उतरवण्याचं.

स्वतः ती एका हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला होती. दिवसभर लोकांचे एकदा पुसलेले टॉवेल पाण्यात बुचकळायचे, पिळणयंत्रात कोंबायचे. बोटं भिजून पांढरी पडायची. सुटताना फाटकावरचा रखवालदार प्रत्येकीची बाटली उलटी करून बघायचा. थेंब पडला तर काम गेलं. घरी नवरा. तो कूलर दुरुस्त करायचा. पाण्याचे कूलर वापरायला बंदी आली तेव्हापासून तो दुसऱ्यांचे पंखे बघत बसलेला असायचा.

म्हातारीच्या वाट्यावर चिमीची रोज आंघोळ सुरू झाली. चिरा भरल्या. पोर पहिल्यांदाच रात्रभर न खाजवता झोपली. आईने सकाळी चादर उजेडात धरून पाहिली, एक डाग नव्हता. ती दुनियेचं काहीही ऐकायला तयार होती, फक्त ते पिंप जाता कामा नये.

मोजणीचा दिवस आला. चिमीच्या आईने अर्धी रजा टाकली. भर दुपार, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. गल्लीच्या टोकाला मोजणीवाल्याची सायकल लागली आणि तेवढ्यात शेजारचा सुतार मागच्या दारातून आत घुसला.

"वहिनी, घात झाला. मावशी गेली."

"गेली म्हणजे? कुणाकडे गेली?"

"वर गेली! सकाळीच गेली असणार. खाटेवर ताठ पडलीय. उन्हाने घेतली तिला."

नवरा पुढच्या दारातून डोकावून आला. "आता हाक मारली तर कोण बोलणार?"

"मी बोलते," चिमीची आई म्हणाली.

"तुझा आवाज त्याच्या ओळखीचा आहे. खोटी ओ सापडली तर अख्ख्या घराच्या रेघा पुसतात. वर्षभर. माहीत आहे ना?"

माहीत होतं. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घराच्या तशा पुसल्या होत्या. त्या घराला आता कुलूप आहे.

बाहेर पहिली हाक ऐकू आली, दमेकरी काकूच्या दारात. "काकू?"

आणि काकूच्या घरातून ओ आली. तुटकी, धाप लागलेली.

सुताराने चिमीच्या आईकडे पाहिलं. "मावशी जिवंत आहे की काय? पण मी हात लावून बघितला."

मग सुताराचं घर. "म्हातारा?" रिकाम्या घरातून घोगरी ओ आली. सुतार इथे, बायको माहेरी, घराला बाहेरून कडी. त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, मग स्वतःची ओ द्यायला तो मागच्या दाराने धावला.

हाका जवळ आल्या. चिमीच्या दारात बूट वाजले. "म्हातारी?"

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्या दारामागून आधी खोकला आला. दोनदा, आणि शेवटी घसा खरवडल्याचा आवाज. हा खोकला मावशीला कधीच जमला नव्हता. त्यामागून आली ओ. आणि पाठोपाठ, "दार लावून घ्या रे. झळ येते."

मोजणीवाल्याने रेघ मारली. बाकीच्यांच्या ओ घेतल्या आणि तो पुढे गेला.

चिमीच्या आईने मागच्या खोलीचं दार ढकललं. खोली रिकामी होती. खाट, गुंडाळलेली गादी, पिंप. सकाळी तिने स्वतः पिंपावर झाकण ठेवलं होतं. ते आता खाली जमिनीवर होतं.

संध्याकाळी मावशीला पोचवून आल्यावर ओट्यावर गप्पा झाल्या. भीती होती, पण आनंद जास्त होता. सुतार म्हणाला, "आमच्या बापाने जन्मभर माझ्या हाकेला ओ दिली नाही. आता सरकारी माणसाला कशी गोड देतो बघा!" लोक हसले. नवराही घरी येऊन म्हणाला, "शेवटी आई ती आई. नातीसाठी आली बघ."

"तुझी आई?" चिमीची आई म्हणाली. "नातीसाठी?"

"मेलेल्या माणसाला तरी नावं ठेवू नकोस."

"मेली असती तर ठेवली नसती."

टँकर आला, चारही पिंपं भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी चिमीला आंघोळीला घेऊन ती मागच्या खोलीत गेली, तर म्हातारीचं पिंप रिकामं. फुटलेलं नव्हतं. जमीन कोरडी. तळाशी पितळी तांब्या आडवा पडलेला आणि पत्र्यावर तांब्याने खरवडल्याच्या ताज्या खुणा.

पुढच्या टँकरलाही तेच. त्यापुढच्यालाही. ऐन दुपारी, सगळं घर उन्हाने गप्प झालेलं असताना, मागच्या खोलीतून पाण्याचा आवाज यायचा. तांब्या बुडायचा, वर यायचा, मग घटाघटा गिळल्याचा आवाज. गिळणं थांबायचंच नाही. माणूस मधे श्वास घेतं. तिथे श्वास नव्हता.

गल्लीत सगळ्यांचंच असं झालं होतं, पण बोलायचं कुणी? बोलून काय बोलणार, की साहेब, आमच्या मेलेल्याच्या नावाचं पाणी मेलेलाच पितो? हक्काचंच पितोय की तो. ओट्यावर आता कुणी हसत नव्हतं.

चिमीच्या कोपरातल्या चिरा पुन्हा उघडल्या. मान वळवली तरी पोर कळवळायची. आईने स्वतःच्या पिंपातलं पाणी दिलं, मग स्वतः प्यायला उरेना. धुलाईखान्यात ती ओल्या टॉवेलाचं टोक चोखून घ्यायची, मुकादमाची पाठ वळली की. ही वेळ आणणाऱ्यांना त्याच टॉवेलांनी आपली अंगं पुसताना काहीच वाटत नाही.

एका दुपारी तिला सहन झालं नाही. आतून गिळण्याचा आवाज सुरू झाला तशी तिने मागच्या खोलीचं दार लाथेने उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. तांब्या पिंपाच्या काठावर होता, त्याच्या ओठाला थेंब लोंबत होता.

"सासूबाई," ती मोठ्याने म्हणाली, "पोरीची पाठ बघितलीत का? सोललेल्या बटाट्यासारखी झालीय. लाज वाटत नाही?"

मग खाटेच्या बाजूने, अगदी नेहमीच्या सुरात, "मला तहान लागते गं."

"मेल्यावर?"

"मेल्यावरच लागते. आधी लागायची ती काहीच नव्हे."

"मग चार पिंपं प्यायलीत तरी भागणार नाही तुमची."

"चार?" आवाज जरा विचारात पडल्यासारखा थांबला. "चार आहेत होय?"

चिमीच्या आईने चार म्हणायला नको होतं. तिने दार ओढून घेतलं आणि कडी घातली. घालताना तिलाच कळलं की कडीने काही अडणार नाही.

नवऱ्याला तिने सांगितलं, मोजणीला खरं सांगून टाकू. रेघ पुसू दे.

"आणि खोटी ओ दिल्याबद्दल सगळ्या रेघा पुसल्या तर? पोरीला काय पाजणार, तुझा राग?"



पुढची मोजणी आली. तिघं दारात उभी राहिली, चिमी आईच्या हाताला धरून. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. मोजणीवाला चष्म्याआड होता, फडक्याआड होता, चुन्याचं डबडं हातात.

"म्हातारी?"

मागच्या खोलीतून ओ आली. खणखणीत. पहिल्यापेक्षा तरुण.

"घरवाला?"

नवऱ्याने तोंड उघडलं. त्याआधी मागून ओ आली. पुरुषाची. नवऱ्याचीच. शेवटी त्याच्यासारखीच नाक ओढल्याची लकब. मोजणीवाल्याने रेघ मारली. नवरा उघड्या तोंडाने मागे बघत राहिला. त्याच्या घशातून नुसती हवा आली.

"अहो, तो इथे उभा आहे!" चिमीची आई ओरडली. "इकडे बघा!"

"बघायचं काम नाही माझं. घरवाली?"

"ओ!" मागून आली. तिच्याच आवाजात. धुलाईखान्याच्या वाफेने बसलेला तिचा घसा, त्यातली खरखर, सगळं तसंच. तिनेही त्याच क्षणी ओ द्यायला जीभ हलवली, पण आवाज निघाला नाही. जीभ नुसतं वाळलेलं चामडं झाली होती. हाकेला ओ दिली गेली होती. तिची ओ संपली होती.

तिसरी रेघ पडली. आता एकच हाक उरली होती.

चिमी लाजरी पोर. मोजणीवाल्याच्या काळ्या चष्म्याला घाबरायची. दर वेळी आईला तिला ढोसावं लागायचं, मग हळूच, उशिरा ओ द्यायची. आज उशीर चालणार नव्हता. मागच्या खोलीत कुणीतरी श्वास आत ओढला. ज्याला श्वास नव्हता त्याने.

मोजणीवाला म्हणाला, "पोर?"

आईने चिमीच्या कोपरातल्या चिरेत नख घातलं. उघड्या, ओल्या चिरेत, पूर्ण ताकदीने.

पोर किंचाळली. शेजारी सुताराच्या हातातली करवत थांबली. मागच्या खोलीतली ओ त्या किंकाळीखाली दबली, ऐकूच आली नाही.

"बास, बास," मोजणीवाला म्हणाला. "ऐकलं. बहिरा नाही मी." चौथी रेघ मारून तो निघून गेला. चिमी आईचा हात झिडकारून कोपऱ्यात जाऊन बसली. कोपर दाबलेल्या तिच्या बोटांमधून रक्त येत होतं आणि ती आईकडे अशी बघत होती की ते बघणं आईला जन्मभर पुरणार होतं.

टँकर आला. चार रेघा, चार पिंपं. टँकरवाला गल्लीतून वळायच्या आत तीन पिंपं रिकामी झाली. पत्र्याच्या आत पाणी खाली खाली जाताना दिसत होतं, कुणीतरी नळीने ओढावं तसं. चौथं, चिमीचं, काठोकाठ राहिलं. वर तरंगसुद्धा नव्हता.

आईने त्यातून बादली भरली. पोरीला पाटावर बसवलं, पाठीवरून, मानेवरून, कोपरांवरून हळूहळू पाणी सोडलं आणि ओल्या अंगावर मलम लावलं. पोर हुंदके देत होती, मग थांबली. आईने खाली सांडलेल्या पाण्याला बोट लावलं. ओठांपर्यंत नेलं आणि परत पोरीच्या पायाला पुसलं.

मग तिने पिंपावर झाकण ठेवलं आणि त्यावर स्वतः बसली. पुढ्यात मागच्या खोलीचं दार होतं आणि दाराजवळ नवरा उकिडवा.

"एक घोट दे," आवाज आला. "मला तहान लागते गं."

नवऱ्याचे ओठ हलले होते की नाही, ते तिला नीट दिसलं नाही. तिने दोन्ही हातांनी पिंपाचा काठ घट्ट धरला आणि उत्तर दिलं नाही. आता या घरात कुठल्याच हाकेला ती ओ देणार नव्हती.