वळणाअलीकडचा खांब

फार लागलं का हो? गुडघा चोळा जरा. मी खांब बोलतोय. वर नका बघू, तो दिव्याचा खांब. खाली बघा. तुमच्या मांडीइतका उंच, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, थोडासा डावीकडे कललेला, तो मी.

शहराच्या मधोमध असलेल्या या पेठेच्या तोंडाशी मला रोवलं आहे, ते गाड्या आत जाऊ नयेत म्हणून. आत फक्त पायी चालणाऱ्यांनी जायचं. एवढ्या मोठ्या पेठेचा मी पहारेकरी, असं मी बरीच वर्षं समजत होतो. खरं सांगायचं तर आतली पेठ मी पाहिलेली नाही. थोड्या अंतरावर रस्ता वळतो आणि माझी नजर तिथेच संपते. वळणापलीकडे काय आहे, ते मी लोकांच्या पिशव्यांवरून ओळखतो.

जन्म लोखंडाच्या भट्टीतला. एकाच रसातून आम्ही बरेच भाऊ निघालो. थोरला दिव्याचा खांब झाला. त्याच्याकडे लोक मान वर करून बघतात. मधला गटाराचं झाकण झाला; त्याला कुणी विचारत नाही, पण तो जागेवर नसला की बोंब होते. मी उरल्यासुरल्या रसाचा. रस कमी पडला म्हणून माझी उंची अशी, अशी माझी पक्की समजूत आहे. कारखान्यातले लोक त्याला डिझाइन म्हणत.

कर्तबगारीचं म्हणाल, तर आजवर मी एक टेम्पो अडवला. त्याला आत जायचंच नव्हतं. तो मागे येत होता आणि मी त्याला दिसलो नाही. तेव्हापासून मी हा असा कललेला आहे. ‘असून अडचण, नसून खोळंबा’ अशी म्हण आहे. माझ्या बाबतीत तिचा पहिला अर्धा भाग पुरे.

माझा खरा उपयोग वेगळाच. लोक माझ्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधतात, डोक्यावर पिशव्या टेकवतात आणि फोनवर ‘खांबापाशी ये’ म्हणून सांगतात. शिवाय काही बायका आपले नवरे माझ्यापाशी ठेवून जातात.

असं एक जोडपं दर शनिवारी यायचं. तो कचेरीतला कारकून, पुढे निवृत्त झालेला. ती माझ्यापाशी आली की म्हणायची, “इथेच थांबा हं. कुठे हलू नका. आत मेली गर्दी, तुम्हाला कंटाळा येईल.”

सुरुवातीला मला वाटायचं, ती मलाच सांगते आहे. मी आजतागायत हललेलो नाही.

तोही हलायचा नाही. एक हात माझ्या डोक्यावर ठेवून उभा राहायचा. माझ्या शेजारी चादर अंथरून एक बाई मोजे विकते. ती त्याला चिडवायची, “काका, इथे दोन खांब झालेत. एकाला पट्टे मारायचे राहिलेत!”

“मार गं बाई,” तो म्हणायचा, “निदान उन्हात शोभून तरी दिसेन.”

मग वळणावरून बायको येताना दिसायची. “आलेच म्हटलं होतं ना?” “हो, ‘आलेच’ म्हणून तासाभरापूर्वी गेलीस.” असं कुरकुरत तो सगळ्या पिशव्या हातात आणि तिची पर्स खांद्याला घ्यायचा, आणि दोघं बसकडे जायची.

पुढे बरेच शनिवार दोघंही आली नाहीत. मला वाटलं, त्यांना दुसरा खांब मिळाला असावा. माझी बुद्धी ही एवढी.

मग एका शनिवारी तो आला. बरोबर परगावी राहणारी मुलगी होती.

“काका! किती दिवसांनी! काकू कुठायत?” मोजेवालीने विचारलं.

“आई गेली,” मुलगी म्हणाली.

मोजेवालीच्या हातातले मोजे तसेच राहिले. तिने आपलं बसायचं स्टूल उचललं आणि त्याच्यापुढे ठेवलं. तो बसला नाही. सवयीने त्याने हात माझ्या डोक्यावर ठेवला.

दोघं एका पर्ससाठी आली होती. आजारी पडण्याआधी बायकोने आपली रोजची पर्स चेन बसवायला दिली होती, ती दुकानातच राहिली होती. मुलीला आईची तेवढी एक वस्तू हवी होती.

“बाबा, दुकान कुठलं?”

“चेनवाला.”

“हो, पण आहे कुठे?”

“आत. त्या वळणापलीकडे असेल. मी कधी गेलो नाही गं.”

“अहो, दर शनिवारी येत होतात की तुम्ही!”

“खांबापर्यंत.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या क्षणी त्याला वाट दाखवू शकेल असा जवळचा ओळखीचा मीच होतो, आणि माझी अक्कलही खांबापर्यंतच.

“तू विचारत विचारत जा,” तो म्हणाला. “मी थांबतो इथे.”

“मला ती पर्स ओळखू येणार नाही, बाबा. मी लांब राहते. तुमच्या खांद्याला असायची ती.”

“तपकिरी आहे. तू जा तर खरी.”

“आणि तुम्ही इथे कुणाची वाट बघणार? आता इथून तुम्हाला घरी न्यायला कोण येणार आहे?”

बोलून गेली आणि तिने ओठ चावला. त्याचा हात माझ्या डोक्यावर जड झाला. मग उचलला गेला.

वळणापर्यंत मला त्याची पाठ दिसत होती. तो रस्त्याच्या कडेकडेने, परक्याच्या घरात शिरावं तसा चालत होता. मग दिसेनासा झाला. मला धड मान उंचावून बघताही येईना. मान असायला हवी ना!

ती दोघं परत आली तेव्हा तपकिरी पर्स त्याच्या खांद्याला होती. तो हसत होता आणि मध्येच चष्मा पुसत होता.

“चेनवाल्याकडे खुर्ची आहे!” त्याने मोजेवालीला सांगितलं. “पंखा आहे! ही तिथे आरामात चहा पीत बसायची. तो म्हणायचा, वहिनी, साहेब खोळंबले असतील. तर ही म्हणायची, खोळंबू देत, खांबापाशी ठेवून आलेय. आठवड्यातून तेवढाच निवांतपणा!”

“मग काका, कंटाळा तुम्हाला येत नव्हता तर!”

“नाही ना! तिला माझा यायचा!”

मुलगीही हसली. मग तो स्टुलावर बसला, पर्स मांडीवर घेतली आणि तिची नवी चेन उघडली, लावली, परत उघडली.

आता तो एकटा येतो. माझ्याकडे ढुंकूनही न बघता थेट आत जातो आणि त्या खुर्चीत जाऊन बसतो, असं मोजेवाली सांगते. मला थोडा हेवा वाटतो, पण माझ्यापाशी थांबून त्याचं काय भलं झालं असतं? म्हणतात, माझ्या जागी बटण दाबलं की जमिनीत जाणारा खांब येणार आहे. येऊ दे. त्याला निदान खाली बसता येईल.

तोवर एक विनंती. आपलं माणूस माझ्यापाशी ठेवून खुशाल जा. निवांतपणा सगळ्यांनाच लागतो. पण परत आल्यावर कुठे बसला होतात, ते त्याला सांगून टाका. तो रागावेल, बसभर तोंड फुगवून बसेल. त्या कारकुनाला हे बायकोच्याच तोंडून कळलं असतं, तर तो केवढा भांडला असता! तेवढं एक भांडण त्यांचं राहून गेलं.